चाईवरची 'इंपोर्टेड' गोळी

धाकट्या बहिणीला चाई लागली. सुरुवात रुपयाएवढ्या चट्ट्याने, मग डोकं, भुवया, पापण्या सगळंच गेलं. आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते, असा हा आजार. नागपूरच्या मेडिकल कॉलेजमधल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. प्रतिकारशक्तीचा हा हल्ला आवरणाऱ्या जॅक इनहिबिटर नावाच्या गोळ्या आहेत. त्यातल्या बॅरिसिटिनिबला अमेरिकेत २०२२ मध्ये तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. पण आधी टीबी, हिपॅटायटिस, रक्त, लिव्हर तपासायचं. चाचण्यांमध्ये मोठ्या डोसवरही ३६ आठवड्यांनी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या जास्त लोकांचं डोकं बऱ्यापैकी भरलं होतं, आणि गोळी थांबवली की केस परत गळू शकतात.

लग्नाचं बघणं चालू असलेल्या घरात हे उत्तर कोणाला रुचणार? तेवढ्यात धंतोलीतल्या एका 'हेअर सेंटर'ची जाहिरात व्हॉट्सॲपवर आली. तीच जॅक गोळी, इंपोर्टेड, शंभर टक्के गॅरंटी. भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. एका जोडीतल्या बाईच्या कानाची पाळी आधी चिकटलेली, नंतर सुटी! आईने तपासण्यांचं विचारलं तर काउंटरवरचा म्हणाला, "टेस्ट कायले करता काकू, आपली गोळी एकदम सेफ आहे." पॅकेज ४८ हजार, आगाऊ. पैसे गेले कोणाच्या तरी खासगी यूपीआय खात्यावर, हाती आली नुसती 'पॅकेज' लिहिलेली चिठ्ठी आणि पांढरी प्लास्टिकची डबी. पत्ता (स्ट्रिप) नाही, बॅच नंबर नाही, औषधाचं नाव नाही, एक्स्पायरी नाही.

बारीक लव आली, खरं सांगते. घरात पेढे वाटले. मग चेहरा सुजून गोल झाला, शुगर वाढली. फिजिशियनने डबी बघताच स्टेरॉइडचा संशय घेतला. स्टेरॉइडनेही केस येतात, बंद केल्यावर पुष्कळदा जातात. तिचेही गेले. महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम सोडणं धोक्याचं, म्हणून त्यांनी डोस हळूहळू उतरवला.

सेंटरवाल्यांनी फोन उचलणं बंद केलंय. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. बिल नसल्याने हातात आहे ते यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि उरलेल्या गोळ्या. तुमच्याकडेही अशी डबी असेल तर फेकू नका, आणि डॉक्टरला दाखवल्याशिवाय गोळ्या एकदम बंदही करू नका.