मुलींचं ग्रामर स्कूल, लंडन : इयर सेव्हनचं वर्ष संपल्यावर

इलेव्हन प्लसच्या, म्हणजे ग्रामर स्कूलच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीबद्दल सांगणारे लंडनच्या मराठी घरांत पुष्कळ भेटतात. प्रवेश मिळाल्यावर सप्टेंबरपासून इयर सेव्हनमध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी, पुढे काय होतं, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. सप्टेंबर ते जुलै असं पूर्ण वर्ष उलटल्यावर जे दिसलं ते इथे मांडलं आहे.

नवख्यांसाठी थोडक्यात: ग्रामर स्कूल ही सरकारी शाळा आहे, फी नाही, प्रवेश परीक्षेतून. इंग्लंडमध्ये अशा १६३ शाळा उरल्या आहेत आणि १९९८च्या कायद्याने नवीन काढायला बंदी आहे. मुलींच्या शाळांपैकी किंग्स्टनची टिफिन गर्ल्स १८८०ची. उत्तर लंडनमधली हेन्रिएटा बार्नेट १९११ साली सुरू झाली आणि तिची इमारत नवी दिल्ली उभारणाऱ्या एडविन लटयन्स यांची. खालचा अनुभव मात्र कुठल्या एका शाळेचं गुणपत्रक म्हणून वाचू नका. लंडनच्या बहुतेक मुलींच्या ग्रामर स्कूलांत थोड्याफार फरकाने हेच चालतं.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगायला हवी. प्रवेश परीक्षा वेग मोजते: अर्ध्या-पाऊण मिनिटाला एक प्रश्न, चार-पाच पर्यायांतून एक उत्तर. शाळा सुरू झाली की वेगाला फार किंमत राहत नाही. इतिहासाच्या तासाला एका जुन्या पत्रातला उतारा देतात आणि 'लिहिणाऱ्यावर किती विश्वास ठेवशील, का?' यावर दोन परिच्छेद मागतात. विज्ञानात प्रयोगानंतर 'निष्कर्ष चुकला असेल तर कशामुळे' हे लिहायचं असतं. दोन वर्षं पर्यायांवर टिकमार्क करत आलेल्या मुली इथे अडखळतात. दोन ओळींत बरोबर उत्तर लिहून थांबतात आणि अर्धे गुण जातात. यावर उपाय एकच, वाक्याला 'कारण' जोडायची सवय. पहिल्या सहामाहीत घरी रोज दहा मिनिटं तोंडी विचारलं तरी पुरतं. शिकवणी मात्र प्रवेशानंतर बंद करा. ती चालू ठेवली की शाळेचा गृहपाठ रात्री नऊनंतर सुरू होतो, आणि त्याचा परिणाम झोपेवर लगेच दिसतो.

दुसरा धक्का क्रमांकाचा. प्राथमिक शाळेत पहिली येणारी मुलगी इथे वर्गात पंधरावी असते. तिचं काही बिघडलेलं नसतं. वर्गातल्या तिसाही जणी आपापल्या शाळेत पहिल्या-दुसऱ्या होत्या आणि त्यांतल्या पंधरा जणींना खालच्या निम्म्यात यावंच लागतं. बऱ्याच शाळा सुरुवातीला कॅट फोर नावाची क्षमता चाचणी घेतात. तिची राष्ट्रीय सरासरी १०० धरलेली असते. इथे शंभरच्या आसपासची मुलगी जवळजवळ नसतेच. हे मुलीला ऑगस्टमध्येच, पहिला निकाल यायच्या आधी समजावून सांगा. ऑक्टोबरात ६२ टक्के घेऊन घरी आल्यावर सांगितलं तर ते सांत्वन वाटतं. आणि ६२ टक्क्यांवर आपण तोंड पाडायचं नाही. पुढे सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत गणिताच्या वरच्या पातळीच्या पेपरला ९ ते १ या श्रेणींपैकी ७ मिळवायला साधारण ६० टक्के लागतात. दहावीच्या नव्वद टक्क्यांच्या हिशेबात वाढलेल्या आईबाबांना हे पचायला वेळ लागतो.

ताण कुठे दिसतो? रडण्यात कमी, डब्यात जास्त. मधल्या सुट्टीतच क्लब, वाद्यवृंदाचा सराव आणि राहिलेला गृहपाठ असतो. सुट्टी चाळीस ते पन्नास मिनिटांची, त्यात कॅन्टीनची रांग. सलग तीन-चार दिवस डबा भरलेला परत आला तर फॉर्म ट्यूटरला, म्हणजे वर्गशिक्षकांना, ईमेल करा. वर्षप्रमुखांची वाट पाहू नका, फॉर्म ट्यूटर मुलीला रोज सकाळी बघतात.

डब्याचंच निघालं म्हणून: जवळजवळ सगळ्या शाळांत शेंगदाणे आणि सुक्यामेव्यावर पूर्ण बंदी असते. म्हणजे कूट घातलेली साबुदाणा खिचडी, भरली वांगी, दाण्याची चटणी, चिक्की, सगळं बाद. कूट अगदी चमचाभर असला तरी नाही. शेजारच्या मुलीची अॅलर्जी जिवावर बेतणारी असू शकते. काही ठिकाणी तिळालाही मनाई आहे, त्यामुळे संक्रांतीला वर्गात तिळगूळ पाठवायच्या आधी विचारा. मुलींना मायक्रोवेव्ह मिळत नाही. गरम जेवण द्यायचं तर थर्मासच्या डब्यात आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं झाकून ठेवा, ते ओता, मग वाफाळता भात भरा. असं केलं तर एक वाजता जेवण गरम राहतं, नाहीतर कोमट गोळा. रोजच्यासाठी पोळीची गुंडाळी सगळ्यात सुटसुटीत, उभ्याने खाता येते.

गृहपाठ संध्याकाळी दोन-तीन विषयांचा, प्रत्येकी अर्धा तास. अॅपवर फक्त 'जमा करायची तारीख' ठळक दिसते, त्यामुळे मुली आठवडाभर काही करत नाहीत आणि रविवारी रात्री पाच कामं एकदम उभी राहतात. कागदी प्लॅनरमध्ये 'कधी करणार' तो वार लिहायला लावा. हे एक जमलं की निम्मी भांडणं संपतात. पहिले सहा आठवडे शेजारी बसा, नंतर हात काढून घ्या. आईने भरलेलं दप्तर आणि बाबांनी तपासलेला प्रत्येक गृहपाठ यामुळे इयर एटमध्ये मुलगी एकदम उघडी पडते.

प्रवास कमी लेखू नका. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांसाठीच्या झिप ऑयस्टर या प्रवासकार्डावर लंडनमध्ये बस फुकट आहे. त्यासाठी फोटोसह ऑनलाइन अर्ज ऑगस्टच्या सुरुवातीलाच करा, सप्टेंबरच्या तोंडावर केला तर कार्ड वेळेत हातात पडेल याचा भरवसा नाही. बसमध्ये दर वेळी कार्ड टेकवावंच लागतं. ऑगस्टात दोन वेगवेगळे मार्ग मुलीकडून चालवून घ्या, दुसरा मार्ग बस अर्ध्यावर रिकामी केली तर लागतो. एका बाजूला तासापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर आमच्या मते ती शाळा अर्जाच्या यादीत खाली टाकावी. अकरा वर्षांच्या मुलीचे रोजचे दोन तास गेले की हॉकी आणि नाटक दोन्ही सुटतात, आणि शाळेतली खरी मैत्री तिथेच होते.

आता ज्यासाठी हे सगळं करावं ते. रसायनशास्त्राच्या प्रयोगात बर्नर पेटवायला पुढे होणारी मुलगीच, संगणकावर प्रोग्रॅम लिहिणारी मुलगीच, लाकूडकामाच्या कार्यशाळेत करवत हातात घेणारीही मुलगीच. देशभरात ए लेव्हलला, म्हणजे बारावीच्या पातळीला, भौतिकशास्त्र घेणाऱ्या चौघांत जेमतेम एक मुलगी असते. इथे तो आख्खा वर्ग मुलींचा भरतो. बारा वर्षांची मुलगी नवव्या इयरच्या मुलीकडून गणिताचं कोडं समजून घेते, त्यात तिला संकोच वाटत नाही. एप्रिलच्या ज्युनियर मॅथेमॅटिकल चॅलेंजमधले २५ प्रश्न साठ मिनिटांत सोडवल्यावर बाहेर येऊन त्यावरच वाद घालणाऱ्या मुली दुसरीकडे एवढ्या संख्येने दिसत नाहीत. हुशार असण्याबद्दल माफी मागावी लागत नाही, हे या शाळांचं खरं मोल आहे आणि ते पहिल्याच सत्रात जाणवतं.

सुट्ट्यांबाबत घाईने तिकिटं काढू नका. शाळा चालू असताना परवानगीशिवाय पाच दिवस भारतात गेलात तर प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे ८० पौंड दंड, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. दिवाळीचा एक दिवस धार्मिक रजा म्हणून मिळतो, पण आधी लेखी कळवावं लागतं. मेंदी, बांगड्या यांचंही तसंच, आधी विचारा. कानात एकेक साधी कुडी चालते.

'फी नाही' हे खरं असलं तरी शाळा दरमहा ऐच्छिक देणगी मागते. ती खरंच ऐच्छिक आहे, न दिल्याने मुलीला काही फरक पडत नाही. द्यायचीच तर आणि तुम्ही इथे आयकर भरत असाल तर गिफ्ट एडच्या चौकोनात खूण करा. २० पौंडांवर सरकारकडून ५ पौंड शाळेला वेगळे मिळतात. वाद्याची शिकवणी, सहली आणि गणवेश यांचा खर्च निराळा. ब्लेझर नवा घेण्याआधी पालक संघाच्या जुन्या गणवेशांच्या विक्रीला जाऊन या. ती बहुधा जुलैच्या नवागत दिवशीच असते आणि मधल्या मापाचे ब्लेझर पहिल्या अर्ध्या तासात संपतात. एक माप मोठा घ्या, बाह्या आतून दुमडून टाके घाला; इयर नाईनपर्यंत पुरतो.