नाताळच्या सुट्टीत अंदमान की सिंगापूर?

समुद्र बघायला आपल्याला विमानात बसायची गरज नाही. गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली, सगळं हाताशी आहे. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाने पोर्ट ब्लेअर आणि सिंगापूर यांतून निवडताना किनाऱ्यांची तुलना करू नये, असं मला वाटतं. अंदमानातल्या हॅवलॉक बेटाचं पाणी नितळ आहे, तिथल्या राधानगरचा किनारा देखणा आहे, त्याबद्दल वादच नाही. पण दिवसाचे बाकीचे तास कसे जातात? मी घरच्यांना घेऊन दोन्हीकडे जाऊन आलोय, ते त्याच अंगाने सांगतो.

पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजय पुरम) जायचं खरं कारण सेल्युलर जेल. मधल्या मनोऱ्यापासून निघणाऱ्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत, तरी छातीवर दडपण येतं. सावरकर १९११ मध्ये तिथे पोचले आणि १९२४ पासून १९३७ पर्यंत आपल्या रत्नागिरीत स्थानबद्ध होते. येता-जाता पतितपावन मंदिर बघणाऱ्याला ती कोठडी परकी वाटत नाही. माझे वडील तिथून लवकर हललेच नाहीत. याला सिंगापुरात पर्याय नाही.

अडलं ते संध्याकाळपाशी. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. घड्याळ आपलंच, भारतीय प्रमाणवेळेचं, आणि बेटं मात्र पार पूर्वेला, ९२ अंश रेखांशाच्याही पलीकडे. दुपारचं जेवण, जरा आडवं होणं, चारचा चहा आणि मग बाहेर, ही आपली सवय. तिथे चहा होऊन सगळे तयार होईपर्यंत उजेड सरतो. साडेपाचला उजाडतं हे खरं, पण म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असली की सकाळचे तास आंघोळी-नाश्त्यात जातात. जेलमधल्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाने एक संध्याकाळ छान गेली. बाकीच्या दिवशी खोलीत बसून जेवणाची वाट बघायची. आई घरी फोन करून तुळशीपाशी दिवा लावला का विचारायची, तेव्हा रत्नागिरीत अजून ऊन असायचं.

सिंगापुरात डिसेंबरात सूर्य सातला मावळतो. चार वाजता निघालं तरी हातात तीन तास, आणि अंधार पडल्यावर शहर आणखी खुलतं. मरीना बेच्या काठाने रमतगमत फिरावं, गार्डन्स बाय द बेमधली रोषणाई बघावी आणि एखाद्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांवर, जेवावं. आई-वडील रात्री नऊपर्यंत आनंदाने चालत होते. मार्गशीर्ष पाळणाऱ्यांचीही सोय होते, लिटल इंडियात शाकाहारी जेवण सहज मिळतं. तिथल्या बोटॅनिक गार्डन्सला एक सकाळ जरूर द्या. झाड न मारता रबराचा चीक काढायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथेच बसवली गेली. दोडामार्गकडच्या रबराच्या बागा पाहिलेल्या माणसाला त्यात विशेष गोडी वाटेल.

डिसेंबर हा तिथला पावसाचा महिना, म्हणून काहीजण घाबरवतात. चार महिने कोकणचा पाऊस काढणाऱ्याला त्या सरींचं एवढं काही वाटू नये. सर ओसरेपर्यंत मेट्रोत किंवा बाजारात शिरायचं. उलट अंदमानात हवा बिघडली की बोटी थांबतात. डिसेंबर २०१६ मध्ये शेकडो पर्यटक हॅवलॉक आणि नील बेटांवर अडकून पडले होते.

खर्च सिंगापूरला जास्त, व्हिसाही काढावा लागतो. बजेट ताणलेलं असेल तर माझा आग्रह नाही. जेलसाठीच जायचं असेल तर अंदमान जानेवारी-फेब्रुवारीत करा. हवा स्थिर असते, संध्याकाळही थोडी लांबलेली असते. पण सुट्टी नाताळचीच असेल आणि बरोबर आई-वडील असतील, तर मी सिंगापूर म्हणेन. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी उरते ना, तेवढं आधी बघून घ्या.