मुदतींची नोंदवही ऑनलाइन शीटवर: कॅनडाच्या फायलींसाठी काही महिने वापरल्यानंतर

इमिग्रेशन कन्सल्टंटच्या छोट्या ऑफिसला महिन्याच्या भाड्याचं केस-मॅनेजमेंट सॉफ्टवेअर परवडत नाही, आणि डायरीवर विसंबून राहण्याइतकं हे काम सोपंही नाही. त्यामुळे साध्या ऑनलाइन स्प्रेडशीटवर मुदतींची नोंदवही ठेवली. फायली बहुतेक एक्स्प्रेस एंट्रीच्या (गुणांवर निवड होऊन कायम वास्तव्य देणारी कॅनडाची पद्धत), थोड्या स्टडी आणि वर्क परमिटच्या. काही महिन्यांच्या वापरानंतरचं मत असं की काम चोख होतं, पण दोन-तीन ठिकाणी शीट गुपचूप चुकतं. ती ठिकाणं माहीत नसतील तर डायरीच बरी.

पहिली गोष्ट मांडणीची. एका क्लायंटला एक ओळ अशी शीट सगळेच करतात आणि तिचा उपयोग होत नाही. ओळ कागदाची हवी. आयटीए (कायम वास्तव्यासाठी अर्ज करा, असं कॅनडाचं निमंत्रण) आलं की अर्ज पूर्ण करून पाठवायला 60 दिवस मिळतात आणि ही मुदत वाढवून मिळेल असं धरून चालता येत नाही. या 60 दिवसांत नवराबायको दोघांचे मिळून पंधरा-वीस कागद लागतात आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल 2 वर्षं चालतो, ईसीए (आपल्या पदवीचं कॅनडासाठीचं मूल्यांकन) 5 वर्षं, मेडिकल तपासणी 12 महिने. सध्या राहता त्या देशाचं पीसीसी (पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र) अर्जाच्या दिवशी 6 महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. म्हणून रकाने असे ठेवले: कागद, देणारा कोण, जारी झाल्याची तारीख, संपण्याची तारीख, कायद्याची शेवटची तारीख, आमची तारीख, सध्या कुणाकडे अडलंय, शेवटचा पाठपुरावा कधी.

या रचनेने पकडलेली सगळ्यात मोठी चूक आयईएलटीएसची. निकाल एक्स्प्रेस एंट्रीचं प्रोफाइल भरताना वैध असून भागत नाही, अर्ज पाठवण्याच्या दिवशीही वैध लागतो. आयटीएच्या दिवशी निकालाचे 40 दिवस उरले असतील तर त्या फायलीची खरी मुदत 60 नाही, 40 दिवसांची. शीटमध्ये ईडेट फॉर्म्युल्याने निकालाच्या तारखेत 24 महिने मिळवायचे, आयटीएच्या तारखेत 60 दिवस, आणि दोन्हींतली आधीची तारीख 'कायद्याची शेवटची तारीख' या रकान्यात आणायची. डोक्यात हा हिशेब राहत नाही.

आता शीट फसवतं ते ठिकाण. नवीन शीटची भाषा-प्रदेश सेटिंग बऱ्याचदा अमेरिकेची असते. तिथे आपण 13/08 लिहिलं तर शीटला तारीख कळतच नाही, फॉर्म्युला एरर दाखवतो आणि चूक लगेच दिसते. पण 05/08 लिहिलं, म्हणजे आपल्या मनात 5 ऑगस्ट, तर शीट मुकाट्याने 8 मे धरतं. एरर नाही, लाल रंग नाही, पुढच्या सगळ्या तारखा मात्र तीन महिने सरकलेल्या. उपाय दोन: सेटिंगमध्ये प्रदेश भारत करणे, आणि तारखेच्या रकान्याला महिना अक्षरांत दिसेल असं फॉरमॅट देणे. '05-ऑगस्ट' वाचताना डोळा चुकत नाही. टाइम झोनही तिथेच तपासावा. टोरांटो आपल्यापेक्षा साडेनऊ ते साडेदहा तास मागे आहे, पण त्या जादा तासांवर काम ढकलू नये. अर्ज भरायचं सरकारी पोर्टल देखभालीसाठी बंद असतं ते नेमकं तेव्हाच.

सॉर्ट करताना एकच रकाना निवडला गेला तर नावं जागेवर राहतात आणि तारखा दुसऱ्याच्या नावापुढे जातात. म्हणून सॉर्ट करायचंच नाही, फिल्टर वापरायचा, आणि फॉर्म्युल्याचे रकाने लॉक करून ठेवायचे.

गोपनीयतेत बहुतेक जण फसतात. सगळ्या क्लायंटची एकच शीट करून प्रत्येकाला आपापला टॅब दाखवायचा आणि बाकीचे लपवायचे, हा जुगाड अजिबात करू नये. लपवलेला टॅब सुरक्षित नसतो. समोरच्याने फाइलची कॉपी काढली की तो उघडता येतो, आणि दुसऱ्याच्या पासपोर्टच्या नोंदी तिसऱ्याच्या हातात पडतात. प्रत्येक क्लायंटची शीट स्वतंत्र, आणि ऑफिसच्या मुख्य शीटमध्ये तिथून फक्त तारखा ओढून घ्यायच्या. सुरुवातीला दोन दिवस जास्त जातात, ते जाऊ द्यावेत.

'आमची तारीख' या रकान्याबद्दल थोडं सविस्तर, कारण या धंद्यातली नीतिमत्ता तिथेच कसाला लागते. क्लायंट वेळेत कागद देत नाहीत म्हणून त्यांना खोटी, आधीची शेवटची तारीख सांगायची पद्धत सर्रास आहे. ती चुकीची आहे, आणि नुसती तत्त्वाने नव्हे. एकदा क्लायंटला कळलं की सांगितलेली तारीख खरी नव्हती, की पुढची प्रत्येक तारीख तो सवडीने घेतो. त्यापेक्षा दोन्ही तारखा उघड दाखवाव्यात आणि आमची तारीख 12 दिवस आधीची का आहे ते लिहावं: 4 दिवस स्कॅन व तपासणी, 3 दिवस चुका दुरुस्त करून मागवायला, 2 दिवस क्लायंटने पूर्ण अर्ज वाचायला, 3 दिवस पोर्टलच्या अडचणींसाठी राखीव. कारण दिसलं की लोक तारीख पाळतात.

'सध्या कुणाकडे अडलंय' हा रकाना तितकाच प्रामाणिकपणे भरायला हवा. अडथळा ऑफिसचा असेल तर तिथे ऑफिसचंच नाव दिसलं पाहिजे. क्लायंट ते बघतोय म्हटल्यावर फोनवर 'तुमचं काम चालूच आहे' असं मोघम बोलायची वेळ येत नाही.

महाराष्ट्रातल्या फायलींत घोडं अडतं ते ठरलेल्या जागी. बँक साधं बॅलन्स सर्टिफिकेट देऊन मोकळी होते. लागतं ते पत्र लेटरहेडवर, खाते उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, 6 महिन्यांची सरासरी शिल्लक आणि असलेली कर्जं यांसकट. शाखेला मजकुराचा नमुना आधी द्यावा. पासपोर्टवर गावचा पत्ता आणि राहणं पुण्यात असेल तर पीसीसीला पोलीस पडताळणीचा वेळ धरावा. रेफरन्स लेटरमध्ये, म्हणजे नोकरीच्या अनुभवाच्या पत्रात, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार नसला की ते जवळजवळ निरुपयोगी ठरतं, आणि जुन्या कंपनीचा एचआर दुसऱ्यांदा दाद देत नाही. 21 ऑगस्ट 2025 पासून एक्स्प्रेस एंट्रीत मेडिकल आधी करून त्याचा पुरावा अर्जासोबतच लावावा लागतो. पूर्वीच्या शीटमध्ये ही ओळ नसेल तर आजच घाला. पोर्टलवर एका फाइलला 4 एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे फोनच्या अॅपवरून काढलेले जाडजूड स्कॅन शेवटच्या रात्री नव्हे, आल्या दिवशी लहान करून घ्यावेत.

पीसीसी मुदतीत येतच नसेल तर? अर्ज केल्याची पावती, पाठपुराव्याचे पुरावे आणि स्पष्टीकरणाचं पत्र जोडावं. ते मान्य करायचं की नाही हे अधिकारी ठरवतो, आणि हे क्लायंटला लेखी कळवावं. रिकामं पान अपलोड करून वेळ मारून नेणं, क्लायंटच्या जागी आपणच सही करणं किंवा अनुभवाच्या तारखा ओढूनताणून जुळवणं हे पर्यायच नाहीत. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला आणि 60 दिवस उलटले असले तर ते आयटीए गेलं. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर क्लायंटवर 5 वर्षांची बंदी येते. ती कन्सल्टंटवर नाही, त्या कुटुंबावर येते.

शीटमध्ये आणखी एक ओळ आम्ही नंतर घातली: वाढदिवस. तिशी गाठली की वयाचे गुण दरवर्षी उतरू लागतात, आणि मूल 22 वर्षांचं व्हायच्या आत अर्ज पोहोचणं आवश्यक असतं. परमिटवाल्यांसाठी वेगळा टॅब आहे: परमिट संपण्याची तारीख, शिक्षण पूर्ण झाल्यापासून पुढच्या वर्क परमिटचा अर्ज करायचे 180 दिवस, आणि स्टेटस (तिथे कायदेशीर राहण्याचा दर्जा) गेलंच तर ते परत मिळवायचे 90 दिवस. या 90 दिवसांवर भिस्त ठेवून काम लांबवू नये, कारण त्या काळात नोकरी करता येत नाही.

कमतरता सांगायची तर शीट स्वतःहून ओरडत नाही. रंग बदलतो, पण उघडलं तरच दिसतो. म्हणून 21, 7 आणि 2 दिवस आधीचे रिमाइंडर कॅलेंडरवर वेगळे लावावे लागतात, तेही दोन माणसांच्या नावाने, म्हणजे एक रजेवर असला तरी चालतं. पैशांचा हिशेबही इथे नको. आगाऊ घेतलेली फी क्लायंट अकाउंटमध्ये वेगळी ठेवायची असते आणि तिच्या नोंदी स्वतंत्र वहीत बऱ्या. पंचवीस-तीस चालू फायलींच्या पुढे मात्र शीट जड होतं, तेव्हा सॉफ्टवेअर घ्यावं.

शेवटचं एक काम न चुकता करावं: अर्ज पाठवला त्या दिवशी त्या क्लायंटच्या शीटची पीडीएफ काढून, पोर्टलच्या पावतीसोबत फायलीत ठेवावी आणि एक प्रत क्लायंटला मेल करावी.