गॅम्बियन्स आणि रोडेसियन्स: माशी एक, परजीवी दोन

गॅम्बियन्स आणि रोडेसियन्स हे आफ्रिकेतल्या निद्रारोगाचे दोन परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखू येत नाहीत. तांबड्या पेशींच्या गर्दीत तोच वळवळणारा ट्रिपॅनोसोमा ब्रुसी, दोन्ही त्याच्याच उपजाती. पसरवणारी माशीही तीच, त्सेत्से. खरा फरक जनुकांत आहे.

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गॅम्बियन्सच्या मुख्य गटात वैविध्य अगदी कमी. तो अलैंगिक पद्धतीने वाढतो. सगळे गेल्या १०,००० वर्षांतल्या एकाच पूर्वजाचे वंशज. मुख्य यजमान माणूस, त्यामुळे रुग्ण शोधून बरे केले की साखळी तुटत जाते.

पूर्वेकडचा रोडेसियन्स मात्र गुराढोरांत आणि रानटी जनावरांत मुरलेला. माशीच्या लाळग्रंथीत जनावरांतल्या ब्रुसीशी त्याचा संकर होतो, म्हणून वैविध्य भरपूर. माणसाच्या रक्तातलं एक प्रथिन ब्रुसीला मारतं. रोडेसियन्सकडे एसआरए नावाचं जनुक असतं, म्हणून तो त्यातून वाचतो. एवढ्या एका जनुकावर माणसाचा जीव अवलंबून असावा, हे मला फार अस्वस्थ करतं. इथे फक्त माणसांवर उपचार करून भागत नाही, गुरांवरही करावे लागतात.

युगांडात दोन्ही आढळतात. तिथे गाईच्या रक्ताच्या थेंबात एसआरए शोधणं मला सर्वांत मोलाचं वाटतं.