मायक्रोटिकचं 'लाईफटाईम लायसन्स' म्हणून आम्हाला चोरीचं क्रॅक सॉफ्टवेअर विकलं, पीसी राउटर घेणाऱ्यांनी वाचा

गावागावात केबल आणि फायबरचं इंटरनेट देणाऱ्या छोट्या ऑपरेटरांसाठी हे लिहितोय, खास करून ज्यांनी कुणाकडून तरी 'रेडी मायक्रोटिक सर्व्हर', म्हणजे मायक्रोटिक कंपनीचं राउटरचं सॉफ्टवेअर टाकलेला पीसी, घेतलाय त्यांच्यासाठी. आमचं काम बार्शी तालुक्यात. लाईन, वसुली सगळं मामेभाऊ बघतो, नेटवर्क माझ्याकडे. ग्राहक वाढले तसा जुना छोटा राउटर धापा टाकायला लागला, संध्याकाळी सातनंतर सीपीयू शंभर टक्के आणि पीपीपीओई सेशन (ग्राहकांची लॉगिन कनेक्शन) आपोआप तुटायची. मग पुण्याच्या एका माणसाकडून मशीन घेतलं. रिफर्बिश्ड आय फाईव्ह डेस्कटॉप, त्यात इंटेलचं चार पोर्टचं कार्ड, एसएसडी, आणि वर राउटरओएस (मायक्रोटिकचं तेच सॉफ्टवेअर) 'लेव्हल ६, लाईफटाईम, अनलिमिटेड युजर'. सगळे मिळून ४२ हजार. त्यातले १८ हजार लायसन्सचे, असं त्याने तोंडी सांगितलं, बिलावर मात्र 'सर्व्हर व कॉन्फिगरेशन' एवढंच.

एक गोष्ट आधीच सांगतो, साध्या पीसीवर राउटरओएस चालवण्यात गैर काहीच नाही. लाटव्हियाची मायक्रोटिक कंपनी स्वतःच एक्स ८६ ची, म्हणजे साध्या पीसीवर टाकायची, आयएसओ फाईल वेबसाईटवर देते, ती टाकली की २४ तास सगळं फुकट चालतं, मग लायसन्सची 'की' लागते. लेव्हल ४ ला ४५ डॉलर, त्यात २०० पीपीपीओई युजर, लेव्हल ५ ला ९५ डॉलर आणि ५०० युजर, लेव्हल ६ ला २५० डॉलर, युजरला मर्यादा नाही. हे पैसे एकदाच द्यायचे, लायसन्सची मुदत संपत नाही. आणि ती की त्या मशीनच्या डिस्कला बांधलेली असते, डिस्कवरून एक सॉफ्टवेअर आयडी तयार होतो आणि त्याच आयडीसाठी की निघते.

आता आमच्याशी काय झालं बघा. वर्षभर मशीन झकास चाललं. वर्ष संपलं तसा त्याचा फोन आला, लायसन्स रिन्यूअलचे सहा हजार पाठवा. मामेभावाने पाठवून दिले, मला नंतर कळलं, आणि तिथेच माझ्या डोक्यात घंटा वाजली कारण एक्स ८६ च्या लायसन्सला रिन्यूअल हा प्रकारच नाहीये. मशीनवरचं व्हर्जन बघितलं तर ६.४१. विनबॉक्समधलं (राउटरची सेटिंग करायचं मायक्रोटिकचं ॲप) सुरक्षेचं जे भोक २०१८ मध्ये सापडलं, ज्यातून पासवर्ड न लागता युजरची फाईल वाचता यायची आणि ज्याच्या जोरावर जगभरातले लाखो राउटर क्रिप्टो मायनिंगच्या भानगडीत अडकवले गेले, ते भोक या व्हर्जनमध्ये जसंच्या तसं. कंपनीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते बुजवलेलं होतं. म्हणून एक्स्पोर्ट (सगळ्या सेटिंगची फाईल) काढून ठेवला आणि रात्री अपडेट मारला. मशीन नीट उठलं, नेट चालू, पण लायसन्सच्या खिडकीत 'एक्स्पायर्स इन' आणि खाली उलटे पळणारे तास.

त्याला फोन केला. "दादा, तुम्हाला अपडेट करायला कुणी सांगितलं? आपल्या मशीनला अपडेट चालत नाही," हे त्याचं उत्तर. मग म्हणे आठ हजार टाका, नवीन की बसवून देतो. मी म्हटलं आधी जुनी की कुठल्या अकाउंटवर आहे ते दाखवा, तर फोन कट, आणि तिथून पुढे नंबर कायमचा बंद. दुसऱ्या रात्री २४ तास भरले आणि सगळे ग्राहक एका झटक्यात खाली गेले. जुना राउटर लावून कसंबसं अर्ध्या गावाला नेट दिलं, पतसंस्थेचं सकाळचं काम दुपारपर्यंत लटकलं, लोकांनी मामेभावाला नाही नाही ते ऐकवलं. ज्याचं चुकलं तो मजेत आणि शिव्या आमच्या वाट्याला, याचा राग अजून जात नाही.

त्याच माणसाकडून करमाळ्याच्या एका ऑपरेटर मित्रानेही मशीन घेतलेलं. त्याला म्हटलं लायसन्स स्क्रीनचा फोटो पाठव. व्हॉट्सॲपवर दोन्ही फोटो शेजारी ठेवून सॉफ्टवेअर आयडी बघितला, आठ अक्षरं, मधे एक डॅश, दोन्हीकडे तंतोतंत तीच. डिस्क वेगळ्या, गावं वेगळी आणि आयडी एकच, म्हणजे एकच क्रॅक इमेज तो प्रत्येक डिस्कवर ओतत होता आणि प्रत्येकाकडून लायसन्सचे पैसे घेत होता.

पैशापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. काढून ठेवलेला एक्स्पोर्ट ओळ न ओळ वाचला. शेड्युलरमध्ये (वेळ लावून आपोआप काम करवायची सोय) एक नोंद, थोड्या थोड्या वेळाने बाहेरच्या सर्व्हरवरून फाईल आणायची आणि चालवायची. सॉक्स प्रॉक्सी (दुसऱ्याला आमच्या आयपीवरून नेट वापरू देणारी सोय) चालू, ते पण बाहेरून कुणालाही खुलं. मशीनवरच्या युजरच्या यादीत फुल अधिकाराचा एक युजर जो आम्ही बनवलाच नव्हता. गूगल सारखं 'तुम्ही रोबोट नाही ना' विचारतं अशी तक्रार ग्राहक कित्येक महिने करत होते, नॅटमुळे (अनेक ग्राहक एकाच आयपीवर) असं होतं म्हणून आम्ही समजूत काढायचो. कुणीतरी आमच्या आयपीवरून काय काय केलं असेल कोण जाणे, पण पोलिसांची चौकशी आली तर ती ज्याचा आयपी त्याच्याच दारात येणार. शिवाय कॉपीराइट कायद्याचं कलम ६३बी आहे, माहीत असून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. म्हणजे एकदा कळल्यावर तसंच चालू ठेवणं हा गुन्हा तुमच्या गळ्यात.

म्हणून कुणी असं मशीन विकत असेल तर की आपल्या स्वतःच्या मायक्रोटिक अकाउंटवरूनच घ्यायची, विकणाऱ्याच्या नाही. तो आधीच टाकून आणला म्हणाला तर त्याच्या समोर अपडेट मारून बघा आणि मगच पैसे द्या. आलेल्या मशीनवर नुसतं रिसेट कॉन्फिगरेशन करून भागत नाही, त्याने सेटिंग जातात पण छेडछाड केलेलं सॉफ्टवेअर तसंच राहतं, डिस्क पूर्ण पुसून कंपनीच्या साईटवरची आयएसओच टाका. की टाकल्यावर मात्र ती डिस्क दुसऱ्या सॉफ्टवेअरने फॉरमॅट करू नका, लायसन्स जातं.

आम्ही तोच डेस्कटॉप ठेवलाय, हार्डवेअर चांगलंच आहे. मामेभावाच्या नावाने अकाउंट काढलं, लेव्हल ६ घेतलं, सगळे पासवर्ड बदलले, विनबॉक्स फक्त आतल्या एका आयपीवरून खुलं ठेवलं. कमी बजेटवाल्यांनी सीएचआर बघा, तेच राउटरओएस व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं आणि पी१ लायसन्स ४५ डॉलरला एका इंटरफेसला (पोर्टला) सेकंदाला एक गिगाबिटपर्यंत वेग देतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनवर आणि पोलीस स्टेशनला लेखी तक्रार दिलीये, यूपीआयचे स्क्रीनशॉट, बिल आणि दोन्ही फोटो जोडून. करमाळ्याचा मित्रही देतोय. सोलापूर, धाराशिव, नगर भागात कुणी असं मशीन घेतलं असेल तर ओळखीच्या ऑपरेटरकडून सॉफ्टवेअर आयडी मागवून आपल्याशी ताडून बघा, आणि जुळला तर पहिल्यांदा मशीन नेटवरून काढा, डिस्क पुसायच्या आधी एक्स्पोर्ट आणि फोटो काढून ठेवा, पोलीस तेच मागतात.