जीआय रेलिंग आणि शेडचा रंग: १४ महिन्यांनी काय टिकलं, काय निघालं

पुण्यात धायरीत आमचं घर आहे, गच्चीला जीआय (म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपचं रेलिंग आणि पाण्याच्या टाकीवर छोटी जीआयचीच शेड. पहिल्या वेळी पेंटरने साध्या लोखंडाला देतात तसाच रंग दिला, रेड ऑक्साईड प्रायमरचा (रंगाखालच्या पहिल्या थराचा) एक हात, वर ऑइल पेंटचे दोन हात, दिसायला एकदम मस्त. पावसाळा सरला आणि नखाने ओढलं तरी वीतभर पापुद्रा निघायला लागला, आत पाइप कोरा करकरीत, गंजाचा ठिपका नाही. म्हणजे लोखंडाला काही झालंच नव्हतं, रंगाने जस्त धरलंच नव्हतं. आई रोज गच्ची झाडताना निळे पोपडे गोळा करायची, ते बघून खूप वाईट वाटायचं.

कारण नंतर कळलं. ऑइल पेंटमधलं तेल आणि पाइपवरचं जस्त, त्यात ओल शिरली की दोघांचा साबण होतो, खरोखरचा जस्ताचा साबण, आणि रंग खालून सुटतो. वरून कितीही भारी कंपनीचा डबा आणा, थेट जस्तावर हेच होणार.

मग मार्चमध्ये सगळं खरवडून काढलं आणि पहिल्यापासून केलं. सगळ्यात जास्त वेळ धुण्यात गेला आणि माझ्या मते तिथेच काम जिंकलं. आधी डिटर्जंटच्या पाण्याने घासलं, मग भरपूर साध्या पाण्याने धुतलं. धुताना पाणी एकसारखं पसरलं तर साफ, थेंब थेंब होऊन पळालं तर अजून तेलकट आहे, परत घासा. पेंटर म्हणाले, "साहेब, पाइप एवढा कोण धुतं?" पण स्वतः दोनदा पाणी टाकून दाखवलं तेव्हा त्यांनाही पटलं. शेडच्या पत्र्यावर पांढरी पावडर धरली होती, पत्रे एकावर एक ओले राहिले की जस्तावर हा पांढरा गंज येतो. तो नायलॉनच्या घासणीने काढला. तारेचा ब्रश मुद्दाम वापरला नाही, त्याने जस्तच खरवडलं जातं आणि लोखंडाचे कण मागे राहून तेच गंजतात. शेवटी बारीक पॉलिश पेपरचा हलका हात, फक्त चकाकी मारण्यापुरता.

वेल्डिंगच्या जॉइंटवर जस्त जळून गेलेलं असतं, तिथे खरा तांबडा गंज होता. तो पूर्ण काढून झिंक रिच (भरपूर जस्त असलेला) प्रायमर लावला. हे विसरू नका, कितीतरी लोक एवढंच सोडतात.

पुढे दोन वेगळे प्रयोग केले. रेलिंगला टू पॅक (दोन डबे मिसळून वापरायचा) वॉश प्रायमर, म्हणजे जस्ताला पकड देणारा अ‍ॅसिडवाला पातळ थर, त्यावर झिंक फॉस्फेट प्रायमर, मग एनॅमल. शेडला थेट जीआयला चालणारा इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग, कारण इपॉक्सी नुसता उन्हात ठेवला की भुकटी सुटते. भवानी पेठेतला दुकानदार म्हणाला की वॉश प्रायमरवरच इपॉक्सी मारा, डबल मजबूत होईल. डब्याचं माहितीपत्रक वाचलं तर तसं करू नका असं होतं, वॉश प्रायमरमधलं अ‍ॅसिड उरलं की इपॉक्सी नीट कडक होत नाही. दुकानात विचारा जरूर, पण पत्रक वाचल्याशिवाय डबा उघडू नका.

आता १४ महिने झाले, एक पूर्ण पावसाळा आणि दोन उन्हाळे. शेड जशीच्या तशी आहे. पकड तपासायला कोपऱ्यात ब्लेडने फुली मारून टेप चिकटवून ओढली, काहीच निघालं नाही, इतका आनंद झाला की आईला वर बोलावून दाखवलं. रेलिंगही टिकलंय, फक्त दक्षिणेकडच्या बाजूची चमक उतरलीये आणि जिन्यापाशी हाताएवढा एक तुकडा सुटलाय. तिथे पेंटरांनी वॉश प्रायमरचे दोन जाड हात दिले होते. तो इतका पातळ द्यायचा असतो की खालचा पाइप दिसला पाहिजे, जाड झाला की तो स्वतःच तडकून निघतो. मी त्या दिवशी दुपारी घरी नव्हतो, असतो तर थांबवलं असतं.

इपॉक्सीचा त्रास म्हणजे हार्डनर (रंग कडक करणारा दुसरा भाग) मिसळला की घड्याळ सुरू, आम्ही डबाभर एकदम कालवला आणि पाव डबा घट्ट होऊन वाया गेला, थोडं थोडंच कालवा. पीयूच्या हार्डनरचा वास घेऊ नका, फवारा तर घरी मारूच नका, आम्ही मोकळ्या गच्चीवर ब्रशनेच दिला, हातमोजे आणि केमिकलचा मास्क लावून. कामाची वेळ सकाळी दव सुकल्यावर ते अकरापर्यंत, नंतर पत्रा एवढा तापतो की रंग पसरायच्या आधीच ओढला जातो.

परत करायचं झालं तर रेलिंगलाही इपॉक्सी आणि पीयूच देईन, खर्च जास्त असला तरी. जिन्यापाशचा तुकडा येत्या रविवारी, पाऊस सुरू व्हायच्या आत, खरवडून तसाच करणार आहे.