म्हापशातलं लोकरीचं दुकान: सल्ल्याला पैकीच्या पैकी

म्हापशाच्या मार्केटात, शिवणाचं सामान मिळतं त्या बाजूला हे चिंचोळं दुकान आहे. शुक्रवारी जाऊ नका. बाजाराच्या गर्दीत दुकानातल्या बाईंना बोलायला फुरसत नसते, आणि इथे जायचं ते त्यांच्याशी बोलायलाच. दुपारी कुलूप असतं, हे गोव्यात वेगळं सांगायला नको.

वाळपईला माझ्या भाचीला मुलगी झाली. बाळंतविड्यात झबली-टोपडी सगळेच देतात, म्हणून मी क्रोशाचं जाडजूड दुपटं करायला घेतलं. सत्तरीत पौषातली पहाट चांगलीच गार असते.

मला हवी होती शेनील, म्हणजे मखमली लोकर. एकदा हातात घेतली की खाली ठेववत नाही! बाईंनी तिचा तुकडा कापून चोळून दाखवला, तर टोकातून तंतू भुरुभुरु गळले. मधल्या दोऱ्यांच्या पिळात ते नुसते धरलेले असतात, कापलं की सुटतात. तान्हं मूल तर हाताला लागेल ते तोंडात घालणार. शिवाय त्यात टाके दिसत नाहीत, बोटांनी चाचपत मोजायचे. मग जाड सुती? "बाय, पावसांत सुकचें ना हें," म्हणाल्या. खरंच आहे, सुती दुपटं पाणी पिऊन जड होतं, आणि जुलैत त्याला कुबट वास धरतो.

शेवटी पाच नंबरच्या जाडीची बेबी अ‍ॅक्रिलिक घेतली, 8 मिमीची सुई, आणि सगळं दुपटं अर्ध्या खांबात, म्हणजे क्रोशाच्या बुटक्या, घट्ट टाक्यात, साधारण 75 बाय 90 सेंटिमीटर. पूर्ण खांबाने काम भराभर झालं असतं, पण भोकांत बाळाची बोटं अडकतात. अ‍ॅक्रिलिक धुवायला सोपी, मात्र इस्त्री फिरवलीत तर कायमची चपटी होते. उन्हाळ्यात ती उबते, तेव्हा जमिनीवर अंथरायची. भाचीला बजावलंय, वर्षाची होईपर्यंत झोपलेल्या बाळावर घालून ठेवू नकोस, मांडीवर घेताना गुंडाळ.

तक्रार एकच. लडी सुट्या विकतात, त्यावर रंगाचा लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, लिहिलेला नसतो. नंतर आणलेला मलई रंग पहिल्याहून पिवळट निघाला, आणि उघडलेली लड परत घेत नाहीत. मी त्याची किनार केली, बरी दिसते. तुम्ही मात्र लागेल त्याहून एक लड जास्तच घ्या, आणि सगळ्या एकाच गठ्ठ्यातल्या मागा.